हेगचं वॉरंट आणि आपला हवालदार

जुना_सीबीएस (धागाकर्ता)

डिसेंबर २०२५ मध्ये पुतिन दिल्लीला येऊन गेले तेव्हापासून आमच्या बार रूममध्ये एक वाद अधूनमधून डोकं वर काढतो. ज्युनिअर पोरं म्हणतात, "साहेब, त्यांच्यावर मार्च २०२३ पासून आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं वॉरंट आहे, मग विमानतळावर मिठ्या कसल्या मारतो आपण?" सिनिअर म्हणतात, "आपण सदस्यच नाही, विषय संपला." सिनिअरांचं बरोबरच आहे. पण जे देश सदस्य आहेत तिथे तरी हे वॉरंट कसं बजावतात हे वाचायला घेतलं आणि मी त्यात पार अडकलो. म्हणून हा धागा. (आयसीसी लिहिलं तर निम्मी जनता क्रिकेटच्या धाग्यावर पळेल, म्हणून पुढे नुसतं 'हेग' म्हणतो.)

हे न्यायालय ज्यातून उभं राहिलं तो रोम करार १७ जुलै १९९८ ला मंजूर झाला. बाजूने १२०, विरोधात ७, तटस्थ २१. आपण तटस्थांत. १ जुलै २००२ पासून तो लागू आहे. हेगकडे १८ न्यायाधीश आहेत, अभियोक्ता आहे, कोठडी आहे, पण पोलीस म्हणाल तर एकही नाही. त्यामुळे कराराचा अख्खा नववा भाग, कलम ८६ ते १०२, देशांनी काय काय करून द्यायचं याचाच आहे: माणूस पकडा, हवाली करा, साक्षीदार द्या, कागद द्या, मालमत्ता गोठवा. आणि त्यात कलम ८८ म्हणतं की हे सगळं करायची कार्यपद्धती प्रत्येक सदस्याने आपापल्या कायद्यात तयार ठेवायची. माझ्या मते सगळा जीव या एका कलमात आहे. वॉरंट हेगहून निघतं, पण खांद्यावर हात टाकणारा माणूस कुठल्यातरी ठाण्यातला असतो. त्याला त्याच्या देशाचं कलम लागतं.

पकडल्यावर काय, ते कलम ५९ मध्ये आहे. त्या माणसाला तातडीने स्थानिक न्यायाधीशापुढे उभं करायचं. न्यायाधीशाने तीनच गोष्टी बघायच्या: वॉरंट याच माणसाचं आहे का, अटक रीतसर झाली का, त्याचे हक्क पाळले का. वॉरंट मुळात निघायला हवं होतं की नाही, यात त्याने शिरायचं नाही. आपल्याकडे बाहेरच्या जिल्ह्याचं वॉरंट घेऊन पोलीस येतात आणि ट्रान्झिट (म्हणजे पकडलेल्या माणसाला आपल्या हद्दीत घेऊन जायची परवानगी) मागतात, तेव्हा आपला मॅजिस्ट्रेट जे बघतो, जवळपास तेच. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ८३ काढून बघा, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ८१.

आता इटलीचं बघा. लिबियाचा उसामा अल्मसरी, त्रिपोलीच्या मितिगा तुरुंगातल्या छळाचे आरोप. १८ जानेवारी २०२५ ला हेगने वॉरंट काढलं. हा गृहस्थ तेव्हा तुरिनमध्ये युव्हेंटस आणि मिलानची मॅच बघायला आलेला. १९ ला पोलिसांनी उचलला. २१ ला रोमच्या अपील कोर्टाने सोडला! कारण? इटलीने हेगशी सहकार्यासाठी २०१२ मध्ये कायदा केलाय, क्रमांक २३७. त्यात हेगशी सगळा व्यवहार न्यायमंत्र्यामार्फत. पोलिसांनी मंत्र्याला न विचारता परस्पर पकडलं, म्हणून अटक बेकायदा. मंत्र्याने मधल्या दोन दिवसांत मागाहून कागद पाठवला असता तर भागलं असतं, पण तो हलला नाही. वर कडी म्हणजे सरकारी विमानाने महाशयांना घरी पोचतं केलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये हेगने इटलीने कर्तव्य पाळलं नाही असा निर्णय दिला. पण माणूस तर गेला ना.

म्हणजे ज्या देशात हा करार झाला, जिथे कायदाही आहे, तिथे एका सहीवर सगळं अडलं. काय वाटतं मंडळी?

निवृत्त_पीआय

वकीलसाहेब, ट्रान्झिटचं बोललात म्हणून लिहितो. नोकरीत असताना द्राक्षाच्या व्यापाऱ्याची केस होती. निफाड, दिंडोरीकडच्या शेतकऱ्यांचा माल उचलून परराज्यात पसार झालेला, चेक बाउन्स, फोन बंद, नेहमीचंच. आमची टीम वॉरंट घेऊन त्याच्या गावी गेली. स्थानिक ठाण्यात डायरीला नोंद केली, त्यांचा शिपाई बरोबर घेतला, माणूस पहाटे घरातच सापडला. मेडिकल करून कोर्टात उभा केला. त्याच्या वकिलाने एकच मुद्दा धरला: वॉरंटवर बापाचं नाव वेगळं आहे. आणि होतं खरंच. फिर्यादीत शेतकऱ्याने सांगितलं तसं नाव लिहिलं गेलेलं, पुढे कुणी दुरुस्त केलं नाही. मॅजिस्ट्रेट म्हणाले, हाच तो कशावरून? आमच्याकडे फोटो नाही, आधार नाही. शेवटी पिंपळगावच्या एका बागायतदाराला रातोरात गाडीत घालून आणला, त्याने भर कोर्टात बोट दाखवलं, "हाच. माझे पैसे दे." तेव्हा कुठे ट्रान्झिट मिळालं.

सांगायचं काय, त्या मॅजिस्ट्रेटचा तेव्हा राग आला होता. आता वाटतं बरोबर होते. उद्या माझ्याच पोराला कोणी दुसऱ्याच्या नावाच्या वॉरंटवर उचललं तर?

मिसळ_तर्री_जास्त

हे हेगवाले दात नसलेले वाघ आहेत हो. जाधव केसमध्ये एवढा निकाल दिला, हरीश साळवेंनी एक रुपयात केस लढवली, पाकिस्तानने काय केलं? आणि आफ्रिकेतले पुढारी सोडून यांनी कुणाला हात लावलाय? अमेरिका तर यांना विचारतसुद्धा नाही.

डच_नाशिककर

@मिसळ, दोन वेगळी न्यायालयं आहेत. कुलभूषण जाधव प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयातलं, जिथे आपले दलवीर भंडारी न्यायाधीश होते. तिथे देश विरुद्ध देश. ते पीस पॅलेसमध्ये बसतं. या धाग्यावरचं न्यायालय माणसांवर खटले चालवतं आणि ते स्केवेनिंगेनकडच्या वाळूच्या टेकड्यांपाशी आहे, २०१५ च्या अखेरीस तिकडे हललं. नाशिकहून पाहुणे आले की पीस पॅलेससमोर फोटो काढतात आणि "पुतिनवर वॉरंट काढणारं कोर्ट" म्हणून स्टेटसला टाकतात. मी आता दुरुस्त करणं सोडून दिलंय.

सहकार्य म्हणजे नुसती अटक नव्हे, हेही लिहितो. शिक्षा झाल्यावर माणसाला ठेवायचं कुठे? हेगकडे फक्त खटला चालू असेपर्यंतची कोठडी आहे, तीही डच तुरुंगाच्या आवारात. शिक्षा भोगायला कुठल्यातरी देशाने आपला तुरुंग द्यावा लागतो. युगांडाचा ओंग्वेन नॉर्वेत आहे. लायबेरियाचे माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर यांचा खटला सिएरा लिओनच्या विशेष न्यायालयाचा, पण सुरक्षेसाठी हेगला आणायचा होता. डच म्हणाले, जागा देतो, पण निकालानंतर हा माणूस आमच्याकडे राहणार नाही, आधी दुसरा देश शोधा. ब्रिटन तयार झालं आणि त्यासाठी त्यांच्या संसदेने २००७ मध्ये स्वतंत्र कायदा केला. एक माणूस तुरुंगात ठेवता यावा म्हणून एक कायदा. टेलर आज इंग्लंडच्या तुरुंगात ५० वर्षांची शिक्षा भोगतायत.

सातपूर_एमआयडीसी

नाशिकरोड जेलला पाठवा की, आधीच तिथे काय कमी गर्दी आहे.

मूटकोर्ट_मृण्मयी

@मिसळ दादा, अमेरिका विचारत नाही हे हेगबाबत खरं आहे. २००२ चा त्यांचा कायदाच आहे सहकार्याला मनाई करणारा. पण रवांडातल्या नरसंहाराचे खटले चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या बाबतीत त्यांनी माणूस दिलाय. पाद्री एन्ताकिरुतिमाना टेक्सासमध्ये मुलाकडे राहत होता. अमेरिकेने न्यायाधिकरणाशी करार केला, १९९६ मध्ये काँग्रेसने त्याला कायद्याचा आधार दिला. तरी १९९७ मध्ये लरेडोच्या मॅजिस्ट्रेटने नाही म्हटलं: सिनेटने मंजूर केलेला तह नसताना माणूस परदेशी सोपवता येणार नाही. सरकार पुन्हा गेलं, दुसऱ्या न्यायाधीशाने मान्य केलं, १९९९ मध्ये अपील कोर्टाने शिक्कामोर्तब केलं, २००० मध्ये त्याला टांझानियातल्या अरुशाला, न्यायाधिकरणाकडे पाठवलं. एवढी वर्षं भांडण कशावर, तर देशी कायद्याचा आधार पुरेसा आहे का यावर. त्याने काय केलं हा प्रश्न या कोर्टांपुढे जवळजवळ नव्हताच.

आणि "फक्त आफ्रिका" हे आता जुनं झालं. फिलिपिन्सचे माजी अध्यक्ष दुतेर्ते आठवा.

जुना_सीबीएस

मृण्मयीताई, दुतेर्तेंवर सविस्तर लिहा ना, मला त्यातली स्थानिक कायद्याची बाजू नीट माहीत करून घ्यायची आहे. तोवर मी बशीरचं लिहितो, कारण आफ्रिकेचा विषय निघालाच आहे.

सुदानचे अध्यक्ष ओमर अल-बशीर, वॉरंट २००९ आणि २०१० ची. जून २०१५ मध्ये आफ्रिकन युनियनच्या परिषदेला जोहान्सबर्गला आले. दक्षिण आफ्रिका सदस्य, २००२ चा २७ क्रमांकाचा अंमलबजावणी कायदा पुस्तकात आहे. तिथल्या एका संस्थेने रविवारी प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयात अर्ज टाकला. कोर्टाने त्याच दिवशी हुकूम दिला: निकालापर्यंत या माणसाला देश सोडू देऊ नका, सगळ्या नाक्यांना कळवा. सोमवारी युक्तिवाद. सरकारी वकील सांगतायत बशीर देशातच आहेत. तिकडे वॉटरक्लूफच्या लष्करी तळावरून त्यांचं विमान उडालेलं. कोर्टाने अटकेचा आदेश दिला, मग वकिलाने उठून सांगितलं की ते गेले. आपल्या कोर्टातली कुठलीही नाटकं यापुढे फिकी.

सरकारचा बचाव असा की परिषदेसाठी आलेल्या राष्ट्रप्रमुखाला संरक्षण आहे. मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने तो फेटाळला: तुम्हीच केलेल्या २००२ च्या कायद्यात या गुन्ह्यांपुरतं पदाचं संरक्षण चालणार नाही असं आहे, सरकारचं वागणं बेकायदा. हेगनेही जुलै २०१७ मध्ये ठपका ठेवला, मात्र पुढे सुरक्षा परिषदेकडे पाठवलं नाही. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की सरकारला खरं फैलावर घेतलं ते त्यांच्या घरच्या न्यायाधीशांनी. आणि त्याचा परिणाम दिसला. २०२३ च्या ब्रिक्स परिषदेला पुतिन जोहान्सबर्गला गेलेच नाहीत, व्हिडिओवरून बोलले. उलट मंगोलियात सप्टेंबर २०२४ मध्ये ते बिनधास्त जाऊन आले. मंगोलियाही सदस्यच. हेगने ऑक्टोबरमध्ये ठपका ठेवून प्रकरण सदस्य देशांच्या सभेकडे पाठवलं, त्यापलीकडे हेगच्या हातात काही नाही.

हंगेरीचा बचाव तर भन्नाट. एप्रिल २०२५ मध्ये इस्रायलचे नेतन्याहू, हेगचं वॉरंट डोक्यावर असताना, बुडापेस्टला आले. हंगेरीने म्हटलं, आम्ही २००१ मध्ये करार स्वीकारला खरा, पण तो देशी कायद्यात कधी आणलाच नाही, मग पोलीस पकडणार कशाच्या आधारावर? आणि त्याच दिवशी न्यायालयातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. स्वतः घर बांधायचं नाही आणि दार नाही म्हणून पाहुण्याला परत पाठवायचं. हेगने हा बचाव मानला नाही.

पंचवटीकर

नाशिकच्या धाग्यावर हेग आणि अटक हे दोन शब्द आले आणि अजून कुणी सावरकरांचं नाव काढलं नाही?

२१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनचा वध झाला. अनंत कान्हेरे, ज्यांच्या नावाचं मैदान आपण अजून गोल्फ क्लबच म्हणतो. तपासाचे धागे लंडनला पोचले, पिस्तुलं तिकडून आलेली. १३ मार्च १९१० ला सावरकरांना लंडनमध्ये अटक झाली ती फरारी गुन्हेगारांच्या १८८१ च्या कायद्याखाली. म्हणजे ब्रिटिश साम्राज्याचा अंतर्गत व्यवहार, तिथल्या कोर्टापुढे सुनावणी वगैरे सगळं रीतसर. मग मोरिया बोट, आणि ८ जुलै १९१० ची मार्सेयची उडी. ती सगळ्यांना माहीत आहे. नंतरचं फार थोड्यांना माहीत असतं.

किनाऱ्यावर त्यांना धरलं एका फ्रेंच ब्रिगेडियरने. आपल्याकडच्या ब्रिगेडियरसारखा मोठा हुद्दा नव्हे, बंदरावरच्या जाँदार्मेरीतला हवालदाराच्या जवळपासचा माणूस. त्याला वाटलं बोटीवरचा कुणीतरी पळतोय. बोटीवरच्या माणसांबरोबर त्याने दंडाला धरून परत चढवलं. फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवलेल्या माणसाला मॅजिस्ट्रेट नाही, मागणी नाही, कागद नाही, काही मिनिटांत सोपवून मोकळा. मग फ्रान्सला जाग आली, माणूस परत द्या म्हणाले. प्रकरण हेगच्या कायमस्वरूपी लवाद न्यायालयात गेलं. पाच लवाद. २४ फेब्रुवारी १९११ चा निवाडा: सोपवण्यात अनियमितता झाली हे मान्य, पण ब्रिटनने फसवणूक किंवा बळजबरी केलेली नाही, फ्रेंच अंमलदाराने आपणहून मदत केली, तेव्हा परत देण्याचं बंधन नाही. तोवर इकडे दोन जन्मठेपा सुनावून झाल्या होत्या, पहिली नाशिक कटाची डिसेंबर १९१० मध्ये, दुसरी ३० जानेवारी १९११ ला.

वकीलसाहेबांचा मुद्दा मला इथे जास्त पटतो. त्या दिवशी मार्सेयच्या धक्क्यावर कलम ५९ सारखं काही असतं, आधी न्यायाधीशापुढे न्यायचं एवढं जरी, तरी गोष्ट वेगळी झाली असती.

मिसळ_तर्री_जास्त

पंचवटीकर, हे भारी. निवाडा देणाऱ्यांत ब्रिटनचा माणूस होताच ना? मग झालं.

पंचवटीकर

होता, आणि फ्रान्सचाही होता. दोघे दोन बाजूंचे, बाकी तिघे इतर देशांचे. सावरकरांवरचे बाकीचे वाद इथे नकोत ही हात जोडून विनंती. त्यासाठी वेगळे धागे रोज निघतातच.

मूटकोर्ट_मृण्मयी

दुतेर्ते. फिलिपिन्स १७ मार्च २०१९ ला हेगमधून बाहेर पडला. वॉरंट निघालं ७ मार्च २०२५ ला, सदस्य असतानाच्या काळातल्या हत्यांसाठी. ११ तारखेला ते हाँगकाँगहून मनिलाला उतरले, पोलिसांनी तिथेच ताब्यात घेतलं आणि रात्री विमानात बसवलं. १२ ला हेगच्या ताब्यात.

सदस्य नसलेल्या देशाने दिलं कसं? सरकारने इंटरपोलचा हवाला दिला आणि त्यांचा स्वतःचा २००९ चा ९८५१ क्रमांकाचा कायदा दाखवला. त्याच्या कलम १७ मध्ये आहे की आंतरराष्ट्रीय न्यायालय तपास करत असेल तर आपले अधिकारी आरोपीला त्यांच्याकडे सोपवू शकतात. करार गेला, कायदा राहिला! गंमत म्हणजे हा कायदा फिलिपिन्स सदस्य होण्याच्या आधीचा आहे, ते सदस्य झाले २०११ मध्ये.

पण निवृत्त काकांच्या मॅजिस्ट्रेटचं काय? दुतेर्तेंना स्थानिक न्यायाधीशापुढे नेलंच नाही. त्यांच्या मुलांनी तिथल्या सर्वोच्च न्यायालयात याच मुद्द्यावर अर्ज केले. त्यांच्या अमली पदार्थविरोधी मोहिमेत हजारो माणसं मेली, त्यांच्याबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. तरीही एका दिवसात विमानात बसवणं मला खटकतं. मूटमध्ये (कॉलेजातल्या सरावाच्या खटल्यात) मी नेमकी त्यांचीच बाजू मांडतेय, त्यामुळे कदाचित जास्तच खटकत असेल.

जुना_सीबीएस

तुम्हाला खटकतंय ते बरोबर आहे. अल्मसरी पद्धतीचं पालन झालं नाही म्हणून सुटला, दुतेर्ते पद्धत गाळून गेले. दोन्हीकडे ठरवलं ते सरकारच्या मर्जीने. इटलीच्या मंत्र्याला नको होतं, मनिलातल्या सरकारला हवं होतं. कायद्यात न्यायाधीशाला जेवढी जागा कमी, तेवढी मर्जीला जास्त. ब्रिटनच्या २००१ च्या कायद्यात हेगची विनंती आली की मंत्र्याने ती पुढे न्यायाधीशाकडे पाठवायची आणि हवाली करण्याचा आदेश कोर्टातून निघायचा अशी रचना आहे. मला ती पसंत. जर्मनीने तर २००० मध्ये घटनाच बदलली, कारण जर्मन नागरिक परदेशी सोपवायला तिथे बंदी होती. फ्रान्सनेही १९९९ मध्ये घटनेत कलम घातलं.

सातपूर_एमआयडीसी

आपल्याकडे काय आहे ते सांगा, बाकी जग झालं.

जुना_सीबीएस

आपल्याकडे तह केला म्हणून तो आपोआप कायदा होत नाही. घटनेचं कलम २५३, संसदेने कायदा करायचा. कच्छच्या निवाड्यावरच्या मगनभाई पटेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये सांगितलंय की नागरिकांच्या हक्कांना धक्का लागत असेल तर कायदा हवाच. माणसाला विमानात घालून पाठवणं म्हणजे सरळ कलम २१, जीवित आणि स्वातंत्र्याचा हक्क. आणि प्रत्यार्पणाचा १९६२ चा कायदा परकीय राज्यांपुरता. हेग हे राज्य नाही. म्हणजे उद्या सरकारच्या मनात आलं तरी सोपवायला कलमच नाही.

एक जुना दरवाजा आहे, फार कुणाला माहीत नसलेला. संयुक्त राष्ट्रे (सुरक्षा परिषद) अधिनियम, १९४७. एवढासा कायदा आहे. सुरक्षा परिषदेने सनदेच्या कलम ४१ खाली काही करायला सांगितलं तर केंद्र राजपत्रात आदेश काढून तरतूद करू शकतं. युगोस्लाव्हिया, रवांडाची न्यायाधिकरणं परिषदेनेच नेमलेली, त्यामुळे तिथे हा दरवाजा उघडता आला असता असं माझं मत. आणि गंमत बघा, फेब्रुवारी २०११ मध्ये लिबियाचं प्रकरण हेगकडे पाठवायचा ठराव १९७० आला तेव्हा आपण परिषदेत होतो आणि बाजूने मत दिलं. एकमताने झाला तो ठराव. रोममध्ये आपला मुख्य आक्षेपच सुरक्षा परिषदेला दिलेल्या अधिकारावर होता!

मिसळ_तर्री_जास्त

मग सदस्य व्हायचं नाही हेच बरोबर. काश्मीरपासून नक्षल भागापर्यंत प्रत्येक गोष्टीत हेग नाक खुपसेल.

मूटकोर्ट_मृण्मयी

दादा, सदस्य व्हायची गरज नाही, पण आपल्या कायद्यात हे गुन्हे तरी आणा. नरसंहारविरोधी करार आपण १९५९ मध्ये स्वीकारला, कायदा आजतागायत नाही. सज्जनकुमार प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१८ च्या निकालात हेच लिहिलं की मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि नरसंहार आपल्या फौजदारी कायद्यात नाहीत आणि ही पळवाट तातडीने बुजवायला हवी. पुढे अख्खी नवी न्याय संहिता आली, १ जुलै २०२४ पासून लागू झाली, त्यातही नाहीत. आणि हेगचं तत्त्वच असं आहे की देश स्वतः प्रामाणिकपणे खटला चालवत असेल तर हेगने हात लावायचा नाही. नाक खुपसू द्यायचं नसेल तर घरचा कायदा हाच उपाय नाही का?

मिसळ_तर्री_जास्त

हा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. पण प्रामाणिकपणे चालवतोय की नाही हे ठरवणार कोण? हेगच ना?

मूटकोर्ट_मृण्मयी

हो, तेच ठरवतात. तुमचा आक्षेप तिथे टिकतो.

निवृत्त_पीआय

वकीलसाहेब, व्यवहारातलं विचारतो. समजा ओझर विमानतळावर ड्युटीला असलेल्या पोराच्या मोबाइलवर इंटरपोलची लाल नोटीस आली, माणूस समोर उभा आहे. धरायचा की नाही?

जुना_सीबीएस

काका, लाल नोटीस म्हणजे वॉरंट नव्हे. नोटिशीमागे दुसरा देश असेल तर प्रत्यार्पण कायद्याचं ३४ब बघायचं. त्या देशाने केंद्राला तातडीची विनंती करायची, केंद्राने मॅजिस्ट्रेटला सांगायचं, मॅजिस्ट्रेट तात्पुरतं वॉरंट काढणार. ६० दिवसांत रीतसर मागणी आली नाही तर माणूस सुटला. इंटरपोलचा सगळा व्यवहार आपल्याकडे सीबीआयमार्फत. पण नोटिशीमागे हेग असेल तर विनंती करणारं परकीय राज्यच नाही, म्हणजे ३४बही नाही. पोराने हात लावला तर उद्या त्याच्यावरच बेकायदा अटकेची केस.

निवृत्त_पीआय

मग डायरीत काय लिहायचं त्याने?

जुना_सीबीएस

"वरिष्ठांना कळविले." वेळ टाकून.